उजव्या गुडघ्याला डावा पट्टा

छातीत दुखतंय म्हटलं की सगळं घर धावत येतं. पोटात दुखतंय म्हटलं तर निदान कोणी चिमूटभर ओवा हातावर ठेवतं. गुडघा दुखतोय म्हटलं की मात्र लोक आधी वय विचारतात आणि मग हसतात. माझं वय तेव्हा चौतीस होतं आणि मला अजिबात हसू येत नव्हतं.

हे लिहायचं कारण असं की फटफटीवरून पडलेली माणसं अजूनही माझ्याकडे येतात. आमच्या तुमसर भागात मातीच्या वाटांवर गाडी चालवणारे कमी नाहीत, त्यामुळे पडणारेही कमी नाहीत. "डॉक्टर, गुडघ्याले कोणता पट्टा घेऊ?" असं विचारतात. मी डॉक्टर आहे तो ढोरांचा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी विचारतात, कारण पायाला चामड्याचा आणि लोखंडाचा सांगाडा बांधून गाडी हाणणारा त्यांनी पाहिलेला पहिला माणूस मीच. तेव्हा एकदाच सगळं सांगून टाकतो. ऐंशी सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट आहे.

चाकोरी

चिखल्याच्या अलीकडच्या गावात गुरांच्या दवाखान्याचं उपकेंद्र होतं आणि तिथे मी नोकरीला होतो. बाबा चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. माय घरी. बायको विमल गावच्याच शाळेत मास्तरीण. मुलगी मितू पहिलीत. आणि सहावी मेंबर म्हणजे खात्याची फटफटी. आमच्या बौद्धांच्या मोहल्ल्यात आलेली ती पहिली फटफटी. बाबा तिला रोज सकाळी फडक्यानं पुसत. मला त्यांनी लहानपणी एवढं कधी पुसलं नव्हतं, असं माय म्हणायची.

पाऊस लागायच्या आत घटसर्पाच्या लशी टोचून व्हाव्या लागतात, नाहीतर पहिल्याच ओलीत धडधाकट बैल जातो. म्हणून मे संपता संपता माझी पळापळ असे. रस्ते असे नव्हतेच. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, उन्हाळ्यात कोरडी पडली की बैलगाड्या सरळ त्यांच्यातून जातात. आदल्या पावसाळ्यात चिखलात उमटलेली चाकोरी उन्हात विटेसारखी कडक होते. फटफटीचं पुढचं चाक एकदा का त्या चाकोरीत गेलं की ते तुमचं ऐकत नाही.

त्या दिवशी ते गेलं. गाडी कलली आणि मी उजवा पाय खाली टेकवला. कोणीही टेकवतो. पाय चाकोरीत अडकला, गाडी पुढे गेली आणि मधल्या मधे मी पिळला गेलो. काटकी मोडावी तसा आवाज झाला. गळ्यात अडकवलेला लशीचा थर्मास मी पडल्यावरही छातीशी धरून ठेवला होता. शेजारच्या बांधीतून एक म्हातारा धावत आला, त्याला मी पहिलं विचारलं, "लस सांडली का?"

"लस गेली खड्ड्यात जी!" तो ओरडला. "तुमचा पाय पाहा ना कोनीकडे चालला!"

मी पाहिलं. मग मला पुढचं काही आठवत नाही. त्याच म्हाताऱ्यानं मला त्याच्याच बैलगाडीत घालून घरी आणलं.

हाड ठीक आहे

भंडाऱ्याला फोटो काढला. हाडाला काही झालेलं नव्हतं. ते ऐकून मायनं मोहल्लाभर साखर वाटली. अंबेहळदीचा लेप सुरू झाला. जो भेटायला येई तो आपलं एक औषध सांगून जाई, आणि माय ते करूनही पाही. माझ्या पायाला त्या दिवसांत जे जे लावलं गेलं त्यातलं निम्मं मी बैलालाही लावू दिलं नसतं.

सूज उतरली. मी चालायला लागलो. सपाट जमिनीवर ठीक होतं. मग एका सकाळी ओट्यावरून अंगणात उतरलो आणि गुडघा जागेवरून गेला. दुखला नाही, नुसता गेला. मी विमलनं वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांवर जाऊन पडलो. उठताना मी हसलो, तीही हसली, पण आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

नागपूरला हाडांच्या डॉक्टरांनी मला टेबलावर निजवलं, गुडघा वाकवून पाऊल टेकवलं, त्यावर स्वतः बसले आणि नडगी दोन्ही हातांनी धरून पुढे ओढली. ती आली. टेबलाचा खण ओढावा तशी पुढे आली. विमल समोरच उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला.

"हाड ठीकच आहे," डॉक्टर म्हणाले. "आतला दोर तुटला आहे. गाडी कोणत्या रस्त्यानं चालवता?"

"रस्ता नाही जी, बांध्या."

"मग टेबलाचं काम मागून घ्या. ऑपरेशन मुंबईला कोणी कोणी करतात, पण मी खात्री देणार नाही. सध्या प्लास्टर घालू. नंतर पट्टा बांधून पाहा. धरला तर धरला."

बैलाचा गुडघा असा झाला असता तर मालकाला मी काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. याला आता जू लावू नका, एवढंच. ते वाक्य मी आयुष्यात किती सहज बोललो होतो. मालकाच्या तोंडाकडे तेव्हा मी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला ती तोंडं आठवत राहिली.

टेबलाचं काम म्हणजे भंडारा. माझी जागा तिकडे हलली तर मी एकटाच जाणार होतो. विमलला गावच्या शाळेत बदली मिळायला कितीतरी वर्षं लागली होती. ती पुन्हा माझ्यामागे भंडाऱ्याला येणं शक्य नव्हतं. माय-बाबांना तिथल्या एका खोलीत नेऊन बसवणंही शक्य नव्हतं. म्हणजे शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचं आणि सोमवारी पहाटे निघायचं. लोकांची आयुष्यं अशी जातात आणि बरी जातात, मला कळतं. पण मला तसं व्हायचं नव्हतं. मला मितू रोज हवी होती आणि विमलची कटकट रोज हवी होती. नागपूरच्या एसटी स्टँडवर कुबड्या सांभाळत मी तिला हे असंच सांगितलं.

"माही कटकट?" ती म्हणाली.  मग म्हणाली, "पट्टा पाहू ना जी आधी. रडाचं असन त मंग रडू."

वॉर्ड

प्लास्टर घालायला परत नागपूरला नेलं आणि गुडघ्यात पुन्हा पाणी भरलं म्हणून ठेवून घेतलं. ज्यांना दवाखान्याची सवय नाही त्यांना एकच सांगतो: तिथे दुखणं सर्वांत मोठं नसतं, लाज मोठी असते. भांडं मागायची लाज. मी दोन दिवस मागितलंच नाही. मग पलीकडच्या खाटेवरचा ट्रक ड्रायव्हर, त्याच्या दोन्ही पायांना वजनं टांगलेली, मोठ्यानं ओरडला, "सिस्टर, इस डॉक्टर को भी दो, बेचारा शरमा रहा है!" सगळा वॉर्ड हसला आणि माझं काम झालं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सकाळी चादरी ओढायच्या, मग डॉक्टरांची फेरी, मग पातळ वरण-भात, मग दुपार. ती दुपार संपत नसे. बाबा माझ्याजवळ राहिले होते. खाटेखाली सतरंजी टाकून झोपत आणि जागेपणी स्टुलावर बसत. आमच्या दोघांमधे बोलणं असं फार नव्हतं. ते खाणीतून यायचे, आंघोळ करायचे, जेवायचे, झोपायचे. मी त्यांना असाच ओळखत होतो. एके दुपारी मला झोप लागली असं समजून त्यांनी माझ्या प्लास्टरवर हात ठेवला आणि ठेवूनच बसले. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्यांनी हात काढून घेतला असता.

सुताचं माप

आता पट्ट्यांचं.

पहिला पट्टा आणला तो औषधाच्या दुकानातला, ताणला जाणारा, मोज्यासारखा ओढून घालायचा. दुकानदारानं फार तारीफ केली. घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या तर तो घोट्यावर येऊन बसला. गुडघ्याला ऊब देण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही. मायनं तो स्वतःच्या कोपराला घातला आणि तिला फार बरं वाटलं. तुमचा गुडघा नुसता दुखत असेल तर तो घ्या. जागेवरून जात असेल तर घेऊ नका.

खरा पट्टा म्हणजे दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, त्यांना बकला. नागपूरला पोलिओच्या मुलांसाठी कॅलिपर बनवणारा एक कारखाना होता, तिथे तो करून मिळणार होता. प्लास्टर काढून घरी आलो तोवर पावसानं नागपूरचा प्रवास अवघड करून ठेवला होता आणि माझ्याच्यानं एसटीची पायरी चढवत नव्हती. विमलचा भाऊ प्रकाश नागपूरला रेल्वेत होता. त्यानं निरोप धाडला की माप पाठवा, मी करून आणतो.

विमल शिवणाची टेप घेऊन माझ्या खाटेशी आली, आणि माय आडवी आली.

"निजल्या माणसाच्या दुखत्या पायाले माप लावाचं नाई."

"काहून मामी?" विमलनं सासूला विचारलं.

"काहून म्हंजे? निजवून माप कोनाचं घेतेत? मेल्या माणसाचं घेतेत, तिरडीसाठी. माह्या पोराले सूत लावू नोको."

बाबा ओट्यावरून म्हणाले, "अवं, दीक्षा घेतली तवा हे सारं सोडलं ना आपन?"

"देव सोडले म्या," माय म्हणाली. "सूत नाई सोडलं."

तोडगा विमलनंच काढला. मी उभं राहायचं आणि चांगल्या पायाचं माप द्यायचं. मायला त्यात काही वावगं दिसलं नाही. शिवाय विमलचा हिशेबही बरोबर होता: उजवी मांडी प्लास्टरमधे वाळून काठी झाली होती, तिच्या मापानं पट्टा केला तर मांडी भरल्यावर तो आवळणार. "दोन्ही पाय सारखेच असतेत ना जी?" तिनं विचारलं. मी, चार चार पायांचा डॉक्टर, म्हणालो, सारखेच. मी भिंत धरून उभा राहिलो, तिनं टेप लावली आणि खाकी कागदावर माझ्या पायाचा आकार वरपासून खालपर्यंत काढून घेतला. मितूनं त्याला पायाच्या बोटांची नखंही काढली.

पोळ्याच्या सुमारास प्रकाश पट्टा घेऊन आला. नव्या चामड्याच्या वासानं घर भरलं. मोहल्ला जमला. बाबांनी तो फडक्यानं पुसला, मग माझ्या पायावर चढवला. सगळ्या बकला आतल्या बाजूला आल्या. पोटरीचा फुगवटा जिथे हवा तिथे खोलगट आणि जिथे नको तिथे फुगीर. चालायला लागलो तर बकला डाव्या पायाला ओरबाडू लागल्या.

"हे त उलटं होऊन राहिलं," बाबा म्हणाले.

विमलनं पट्ट्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि एकदम खाली बसली. "पाय डावा होता जी," ती म्हणाली. "मापाचा."

कारखान्याची काही चूक नव्हती. त्यांना डावा पाय पाठवला होता, त्यांनी डाव्या पायाचा पट्टा दिला. घरात आम्ही पाच जण, त्यात मी गुरांच्या शरीराचा अभ्यास केलेला, पण एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी भडकलो. मी भडकतो हे सगळ्यांना माहीत आहे. पट्टा काढला आणि अंगणात भिरकावला. "बाबा, त्याले लागलं असन ना!" मितू मला म्हणाली आणि पट्टा उचलून त्याच्यावर फुंकर घालू लागली. माय कोपऱ्यात रडत होती, साऱ्याला तिचं सूत कारण झालं म्हणून. विमल रडत होती का हसत होती ते मला कळेना. मग कळलं की ती हसत होती, आणि ती हसते आहे म्हटल्यावर प्रकाश हसला, बाबा हसले आणि शेवटी मायही पदरानं डोळे पुसत हसली. मलाही मग रागावून राहता येईना.

दुरुस्ती

नवा पट्टा करायला कारखाना तयार होता, पण आधी पोलिओच्या पोरांचे, मग माझा. ते रास्तच होतं. माझ्याकडे मात्र वेळ नव्हता. जिल्ह्याचे आमचे साहेब दिवाळीच्या आत दौऱ्यावर येणार होते आणि मी फेऱ्या करू शकतो की नाही हे पाहून माझ्या जागेचं ठरवणार होते.

तेव्हा आम्ही त्याच पट्ट्याला हात घातला. बाबांनी बकला उखडल्या आणि बाहेरच्या बाजूला रिबिटांनी बसवल्या. काही रिबिटा वाकड्या बसल्या, त्या काढून पुन्हा बसवल्या. पोटरीपाशी जो पोकळपणा राहिला तो भरायला मायनं आपलं जुनं लुगडं घडीवर घडी घालून शिवलं. ते तिनं न सांगता केलं. विमलनं बिजागरीत एरंडीचं तेल घातलं. मी रोज खाटेवर बसून वाळूची पिशवी पायाला बांधून पाय उचलायचो, मांडी भरावी म्हणून. नवा पट्टा घेणाऱ्यांनो, हे ऐका: लोखंड गुडघ्याला कडेनं धरतं, पण पुढून धरायचं काम मांडीचं आहे. मांडी नसेल तर पट्टा नुसता दागिना.

आणखी एक. माप उभ्यानं दिलंत तरी पट्टा गाडीवर बसून पारखा. उभं असताना मांडीवरचा पट्टा नेमका बसतो आणि गाडीवर बसलं की जांघेत रुततो. चामडं पावसात भिजलं की फुगतं आणि त्याला असा वास येतो की गुरंसुद्धा मान फिरवतात. माय तो संध्याकाळी चुलीशी सुकट वाळवावी तसा टांगून ठेवायची.

लात

गाडीवर बसता येऊ लागलं. ब्रेक दाबता येऊ लागला. पण किक उजव्या पायानं मारायची आणि तो पाय खाली झटकला की गुडघा पुन्हा जाणार, हे मला आतून कळत होतं. दुसरी युक्ती होती: गाडीच्या उजव्या बाजूला उभं राहून डाव्या पायानं किक मारायची. पण मग सगळा भार उजव्यावर. त्या एका पायावर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. ओट्यावरून पडल्यापासून मी त्या एकट्या पायावर कधीच भार दिला नव्हता.

"मी मारते ना जी," विमल म्हणाली.

पहिल्या दिवशी किक उलटी आली आणि तिच्या नडगीवर बसली. तिनं तेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहिली. शाळा सुटल्यावर घरामागे गाडी स्टँडवर लावून तिनं सराव केला. मग एका सकाळी पदर कमरेला खोचला, एक लात घातली आणि गाडी फुरफुरली. मोहल्ल्यातल्या बाया दारात उभ्या. "मास्तरीन फटफटीले लात मारते वो!" असं म्हणत कोणी कोणी खास पाहायला येऊ लागलं. तिला ते फार आवडायचं. ती तसं कधी म्हणाली नाही, पण केस आधी विंचरून मग किक मारायला यायची.

घरून निघणं झालं. पण गावोगावी गाडी बंद केली की पुन्हा सुरू कोण करणार? आमचा मुलूख सपाट, ताटासारखा. उतार असतो तो फक्त तळ्याच्या पाळीला, म्हणजे काठच्या मातीच्या बांधाला, आणि तळी आमच्याकडे गावागणिक. मी गाडी पाळीवर चढवून ठेवू लागलो. काम संपलं की गाडीवर बसायचं, क्लच दाबायचा, उतारावर सोडायची आणि खाली पोचायच्या आत क्लच सोडून सुरू करायची. एकदा नाही झाली आणि मी गाडीसकट बेशरमीच्या झुडपांत गेलो. पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली. ढोरं पाणी प्यायला पाळीवर येतातच. मी घरोघर हिंडायच्या ऐवजी पाळीवर बसू लागलो आणि माणसं ढोरं घेऊन माझ्याकडे येऊ लागली. त्या वर्षी खुरकुताची साथ आली, तेव्हा आधीच्यापेक्षा जास्त गुरं मी पाळीवरच पाहून काढली.

तरी मनात धाकधूक होतीच. मी फेऱ्या करू शकतो हे साहेबांना कसं पटवायचं?

साहेब

साहेब आले ते धान पिवळं पडू लागलं तेव्हा. माणूस कडक, पण वाईट नव्हता. त्यांनी माझी कामं पाहिली, दोन पाळींवर माझ्यासोबत आले, मला बांध्यांच्या कडेच्या मातीच्या वाटेवरून गाडी काढताना जीपमधून पाहिलं. मान हलवली. मला वाटलं, जमलं. मग परत गावात येऊन त्यांनी शाळेच्या पटांगणात जीप थांबवली. मीही तिथेच गाडी बंद केली.

"आता सुरू करा," ते म्हणाले.

पटांगण सपाट. मी उतार शोधत इकडेतिकडे पाहिलं.

"मेश्राम, मी ऐकलं आहे. घरी बाई किक मारतात, बाहेर तळ्याची पाळ असते. पण रानात गाडी बंद पडली आणि तळं नसलं तर? तेव्हा बाई येणार आहेत का? मी तुम्हाला त्रास द्यायला आलो नाही. पण तुम्ही रानात अडकून पडलात तर जबाबदारी माझी आहे."

बोलणं खरं होतं. शाळेच्या खिडक्या पोरांच्या डोक्यांनी भरल्या होत्या. विमल वर्गाच्या दारात उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं खडू खाली ठेवला आणि तिचा हात पदराकडे गेला. मी मान हलवून नको म्हटलं. ती थांबली. तिनं त्या वेळी किक मारली असती तर मी त्याच आठवड्यात भंडाऱ्याला गेलो असतो, हे तिलाही कळलं.

मी गाडीच्या उजव्या बाजूला गेलो. बकला आवळल्या. हँडल धरलं. डावा पाय किकवर ठेवला, म्हणजे जमिनीवर राहिला तो एकटा उजवा. मला भीती वाटत होती. ती लपवण्यात अर्थ नाही.  पहिली किक मारली. गुडघा आतल्या आत जरासा सरकला आणि थांबला. पट्ट्यानं धरला. मायच्या लुगड्याची घडी पोटरीला दाबलेली मला कळली. दुसरी मारली, गाडीनं नुसता धूर टाकला. खिडकीतून कोणी पोर ओरडलं, "जोरानं मारा जी!" तिसरी मारली आणि गाडी सुरू झाली. पोरं ओरडली. मी तसाच त्या एका पायावर उभा होतो आणि मला खाली उतरायचंच नव्हतं.

"बरं," साहेब म्हणाले. "राहा इथेच." एवढंच बोलून ते जीपमधे बसले. वर्गात पाढे पुन्हा सुरू झाले, पण बाई एकच ओळ पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि पोरं मधेच थांबून त्यांच्याकडे पाहत होती.

संध्याकाळी मायनं पुन्हा साखर वाटली. बाबांनी गाडी पुसली, पट्टाही पुसला.  जेवताना मला वरण वाढत विमल म्हणाली, "आता तुमचं तुम्हीच कराल ना जी."

"हो ना."

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि वाटी भरून सांडेपर्यंत वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी अंगणात काढली. विमल उंबऱ्यात बसून मितूची वेणी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही. केस मात्र विंचरलेले होते. मी गाडीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, डावा पाय किकवर ठेवला. गुडघा खंबीर होता, कालच्यापेक्षाही. मग मी पाय काढून घेतला.

"विमल," मी म्हणालो, "गाडी सुरू होऊन नाई राहिली."

"किक मारली का तुम्ही?"

"मारली ना."

ती मारली असती तर सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेली असती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मितूच्या वेणीला गाठ मारली, पदर कमरेला खोचला आणि आली. एका लातेत गाडी सुरू झाली.

"पाहा," ती म्हणाली. "तुमच्यानं होते का काही?"